साताऱ्यात नानांची मेडलं फ्रेम करून घेतली, त्याचा अनुभव

मोती चौकातून खाली उतरलं की एका गल्लीत फ्रेमचं जुनं दुकान आहे, देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, रिटायरमेंटची मानपत्रं असं सगळं तिथं काचेत घालून देतात. नानांची मेडलं मी तिथंच दिली. आधी पुण्याला जायचं ठरवलं होतं कारण वाटायचं की लग्नाचे फोटो लावणाऱ्याला मेडलचं काय कळणार, पण कुरियरवर भरवसा नव्हता आणि एसटीत मांडीवर घेऊन जायलाही जीव होईना.

नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल इंडियन नेव्हीत स्टोकर होते, म्हणजे जहाजाच्या पोटात बॉयलरवर काम. माण तालुक्यातला माणूस, जिथं प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघायची, आणि हा थेट समुद्रावर. आजी त्यांच्या मेडलांना बिल्ले म्हणायची, पत्र्याच्या ट्रंकेत धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलेले चार बिल्ले. १९३९–४५ स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल. पहिल्या स्टारसाठी नेव्हीवाल्याला युद्धाच्या टापूत १८० दिवस समुद्रावर काढावे लागायचे, वॉर मेडलला २८ दिवसांची नोकरी पुरायची आणि इंडिया सर्व्हिसला देशात तीन वर्षं, म्हणजे चारी मेडलं सारख्याच मोलाची नाहीत, हे मला मेडलांच्या नादाला लागल्यावर कळलं.

दुकानातल्या काकांनी फडकं सोडलं आणि भाव सांगायच्या आधी विचारलं, "माणूस कोण हा?" मी सांगत बसलो, ते ऐकत बसले, बाहेर एक बाई फोटो घेऊन ताटकळत उभी, तिलाही त्यांनी ऐकायला आत बोलावलं. मग मी नानांचा नोकरीचा कागद काढला. त्यावर जहाजाचं नाव इंग्रजीत, एच.एम.आय.एस. (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) किस्तना. आमच्या घरात आजी कायम "किस्तना किस्तना" म्हणायची, आम्हा पोरांना वाटायचं परदेशातलं कुठलं तरी नाव असंल. काकांनी चष्मा वर केला, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आवो, ही आपली कृष्णा की!"

खरंच तसं आहे. त्या वेळच्या स्लूप जातीच्या, म्हणजे लहान लढाऊ जहाजांना नद्यांची नावं होती, नर्बदा, जमना, कावेरी, गोदावरी, आणि कृष्णेला इंग्रज किस्तना लिहायचे. पुढं तेच जहाज आयएनएस कृष्णा झालं. मी इतकी वर्षं मेडलांच्या मागं लागलोय, फितींचे रंग पाठ आहेत, आणि ही गोष्ट मला एका फ्रेमवाल्यानं दाखवली. माहुलीच्या संगमावर नाना पोहायला शिकले होते आणि त्याच नदीच्या नावाच्या जहाजावर ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याला जाऊन आले. मला दुकानात भरून आलं, काकांनी चहा सांगितला.

आता कामाबद्दल. फ्रेम म्हणजे जवळपास दोन इंच खोल पेटी, आत नेव्ही ब्लू बनात म्हणजे लोकरी कापड, मेडलं गोंदानं अजिबात चिकटवलेली नाहीत, फिती दोऱ्यानं शिवून पितळी दांडीवर घेतल्यात. माझी अडचण अशी होती की वॉर मेडलची कुठली बाजू दाखवायची, एका बाजूला मुकुटवाला राजा आणि दुसऱ्या बाजूला दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा राहिलेला सिंह, इंडिया सर्व्हिसच्या मागं तर देशाचा नकाशा. काकांनी पुढची काच बिजागरीवर उघडणारी केली आणि मागं कागदासाठी कप्पा काढला. आमच्या मेडलांवर नाव नाही, त्यामुळं तो कागद हरवला तर उद्या पोरांना हे बिल्ले कुणाचे हे सांगणार कोण, म्हणून तो कप्पा मला सगळ्यात जास्त आवडला.

चुका पण झाल्या त्या सांगतो. पहिल्यांदा त्यांनी दोन स्टार दोन टोकांना आणि गोल मेडलं मधी लावली, दिसायला बरं म्हणून. पण मेडलांचा क्रम ठरलेला असतो, बघणाऱ्याच्या डावीकडून आधी १९३९–४५ स्टार, मग बर्मा स्टार, मग वॉर मेडल आणि शेवटी इंडिया सर्व्हिस. १९३९–४५ स्टारची फीतही उलटी बसली होती, त्यातला गडद निळा पट्टा नेव्हीचा, तांबडा आर्मीचा, फिकट निळा एअर फोर्सचा, आणि निळा नेव्हीचा पट्टा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला पाहिजे. सगळं उसवून परत केलं, एक रुपया जादा घेतला नाही. पोरगा पॉलिशची डबी घेऊन आला होता तेव्हा मात्र मी ओरडलोच, स्टार तांब्या-जस्ताचे असतात, घासले की अक्षरं झिजतात आणि परत येत नाहीत. तुम्ही गेलात तर हे आधीच सांगा. फिती पण जुन्याच ठेवायला सांगा, विरलेल्या असल्या तरी.

आठवडा सांगून अठरा दिवस लावले. एकूण २,६०० रुपये, बॉक्स फ्रेमच्या मानानं मला जास्त वाटले नाहीत. काच साधी आहे, त्यामुळं ऊन येतं त्या भिंतीवर लावू नका, फितींचा रंग उडतो.

दुसरं एक मेडल पण मी नेलं होतं. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर मोडीत आलेलं, पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल, चांदीचं, पुढं पंचम जॉर्ज आणि मागं घोडेस्वार. चांदीचं असल्यामुळं अशी कितीतरी मेडलं वितळली. आपल्या अपशिंग्यासारख्या एका गावातून त्या युद्धात ४६ जण गेले ते परत आले नाहीत, मग जिल्ह्यात अशी किती घरं असतील आणि त्यांची चांदी कुठं गेली असेल ह्याचा विचार केला तरी पोटात कालवतं. ह्या मेडलच्या कडेवर नंबर आहे, नाव आहे, रॉयल इंडियन मरीन (रॉयल इंडियन नेव्हीचं आधीचं नाव) आहे, गाव नाही. काकांनी बोटानं कड चाचपली आणि म्हणाले, "गाव घावलं की आणा, तवर मी ह्याला हात लावत न्हाय."

ते मेडल सध्या माझ्याकडं मलमलीच्या कापडात आहे. दुकान सोमवारी बंद असतं.