चीनच्या जुन्या लढायांचा उठावाचा नकाशा : नकाशा भारी, पुस्तिका टुकार

दोन आठवडे झाले हा प्लास्टिकचा उठावाचा नकाशा टेबलावर पडलाय, येता-जाता त्यावर बोट फिरवायचा नादच लागलाय. याआधी वाचलेलं काही डोक्यात राहायचंच नाही, सपाट नकाशात सगळे ठिपके सारखेच दिसतात ना. इथे छिनलिंगची डोंगररांग बोटाला लागते, उत्तरेला पिवळी नदी आणि मधे हानगू खिंड, एवढीशी फट. छिन राज्य त्या फटीच्या आत बसून पूर्वेकडच्या सगळ्यांशी पंगा कसा घ्यायचं ते मग कुणी समजवावं लागत नाही.

खरे पैसे वसूल झाले ते इ.स. 263 च्या मोहिमेत. शू राज्याचा सेनापती जियांग वेई जिएनगेची खिंड अडवून बसलेला, चढाई करणाऱ्या वेई राज्याची मुख्य फौज तिथेच अडकली, तर वेईचाच सेनापती देंग आय बाजूच्या यिनपिंग वाटेने घुसला. 700 ली (अंतराचं जुनं चिनी माप) निर्मनुष्य डोंगर, वाट फोडत, पूल बांधत, आणि एका ठिकाणी तर हा गडी स्वतःला घोंगड्यात गुंडाळून उतारावरून चक्क घरंगळत गेला! मी ती वाट नखाने काढून बघितली तर नख दोनदा अडकलं. जिएनगे शेवटपर्यंत पडलं नाही आणि तिकडे राजधानी चेंगदूत शूच्या राजाने शरणागती पत्करली.

आता वैताग. डोंगरांची उंची भलतीच फुगवलीय, ते एक वेळ चालेल, पण नद्या म्हणजे नुसती निळी रेघ. त्यामुळे 208 ची लाल कड्यांची लढाई, जी सगळी यांगत्सेच्या पाण्यावर आणि वाऱ्यावर फिरली, ती इथे कळतच नाही. आणि सोबतची पुस्तिका! 228 मधे जिएटिंगला शूचा सेनापती मा सू टेकडीवर चढून बसला एवढंच लिहून मोकळे. अरे पण नकाशा बघून मी पण तीच टेकडी धरली असती, वेईच्या झांग हेने खालून पाणी तोडलं म्हणून फौज फुटली हे कोण सांगणार? सुन त्झूच्या युद्धकलेवरच्या जुन्या ग्रंथात, दहाव्या अध्यायात, उंच जागा आधी धरा आणि रसदेची वाट मोकळी ठेवा असं एका दमात सांगितलंय, यांनी फक्त पहिलं अर्धं छापलंय.

तरी घ्याच, पाचपैकी साडेतीन. फक्त गुंडाळून ठेवू नका, माझ्याकडे घडीवर चीर पडली आणि ती नेमकी हानगूवरूनच गेलीय.