झाडीतलं घर: खांबांवरचं लाकडी की जमिनीवरचं काँक्रीटचं?

सुरुवात भिंतींपासून नाही, मुळांपासून करा. झाडाची अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या 60 सेंटिमीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. काँक्रीटच्या पायासाठी चर खणले की तीच तुटतात. झाड लगेच मरत नाही. काही वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागतं, आणि तोवर त्याच्याखाली तुमचं छप्पर आलेलं असतं. जमिनीत पिळून बसवायचे पोलादी स्क्रू-खांब मात्र जाड मूळ लागलं तर थोडं बाजूला सरकवून बसवता येतात. झाडं राखायची असतील तर माझ्या दृष्टीने निम्मा निर्णय इथेच होतो.

खांबांवरच्या घराच्या फरशीखालून वारा वाहतो, म्हणून तिला भिंतीइतकंच जाड उष्णतारोधक लागतं. थंड प्रदेशात खालून जाणारे पाण्याचे पाइपही गोठतात.

आता ऊब. काँक्रीट लाकडाच्या दहापटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे त्याला बाहेरून उष्णतारोधकाचं जाड आवरण द्यावंच लागतं. लाकडी सांगाड्यात ते भिंतीच्या जाडीतच मावतं. काँक्रीट दिवसा ऊन साठवून रात्री ऊब देतं, हा त्याचा मोठा गुण खरा, पण त्यासाठी आत ऊन यायला हवं. दाट झाडीत हिवाळ्याचं तिरकं ऊन खिडकीपर्यंत पोचतच नाही. पानगळीची झाडं असली तरी नुसत्या फांद्याही बरंच ऊन अडवतात. दिवस तापलेले आणि रात्री गार असतील, तर मात्र जड भिंती खरोखर कामाला येतात: रात्री खिडक्या उघडून त्या थंड करायच्या.

हवाबंदपणा दोन्हींत साधतो. पॅसिव्ह हाउसच्या, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांच्या कसोटीनुसार, आत-बाहेर 50 पास्कल दाबाचा फरक ठेवून तपासलं तर तासाभरात घरातल्या हवेच्या 0.6 पटीहून जास्त गळती चालत नाही. काँक्रीटमध्ये बराचसा हवाबंदपणा भिंतच देते. लाकडात प्रत्येक सांधा टेपने बंद करावा लागतो, आणि कारागीर इथेच घाई करतात. स्वतः उभं राहून तपासा.

ओल हा लाकडाचा शत्रू. ओलावा 20 टक्क्यांच्या वर टिकला की बुरशीचा धोका सुरू होतो. छपराची वळचण रुंद ठेवा, बाहेरच्या फळ्यांमागे हवेला वाट ठेवा.

वणव्याचा भाग असेल तर काँक्रीट घ्या, आणि भिंतीपासून दीड मीटरपर्यंत जळेल असं काही ठेवू नका. नसेल, तर मी खांबांवरचं लाकडी घर निवडेन, आणि सौर पॅनेल छपराऐवजी जवळच्या मोकळ्या जागेत लावेन.