चौकटींची वही की पवित्र शास्त्र?

टिकाऊ समाधान आत्मविकासाच्या वाटेने मिळते की ख्रिस्ती शास्त्रात, असा प्रश्न पडलेल्यांना सल्ला देताना मी जरा अवघडतो, कारण दोन्हींवर मी बरीच वर्षे घालवली आहेत आणि आता माझे मत पुरते तटस्थ राहिलेले नाही.

आत्मविकासाचे ऋण आधी मान्य करायला हवे. कोल्हापुरात रंकाळा तलावावरची पहाटेची फेरी, ताब्यात आलेली रक्तातील साखर आणि वेळेवर फिटलेले कर्ज हे सारे मला सवयींच्या वहीने, म्हणजे रोज पाळलेल्या सवयीच्या चौकटीत खूण करण्याच्या वहीने, दिले. शास्त्राने यातले काही दिले नाही. बायबलमधल्या नीतिसूत्रांत आळशाला मुंगीकडे पाठवले आहे खरे, पण ज्याला दिवाळीपूर्वी वजन उतरवायचे आहे त्याने बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रे उघडून बसण्यात फारसा अर्थ नाही.

माझा निर्णय झाला तो मात्र एका क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासामुळे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच ओलांडून ५५ फूट गाठले होते आणि आम्ही नातेवाइकांच्या वरच्या मजल्यावर आसरा घेतला होता. घराचे काय झाले असेल या काळजीत सगळे गप्प बसलेले असताना माझ्या फोनने आठवण करून दिली की आज चाललो नाही, तर १४० दिवसांची सलग नोंद तुटेल. सांगायला संकोच वाटतो, पण त्या पावसात मी गच्चीवर जाऊन फेऱ्या मारल्या. खाली वडील एकटे बसून होते.

दोष फोनचा नव्हता. अठराव्या शतकात अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी १३ सद्गुणांचा तक्ता आखून चुकेल त्या दिवशी काळा ठिपका देण्याची पद्धत ठेवली होती; पूर्णत्व काही हाती आले नाही आणि गर्व जिंकलाच तर बहुधा नम्रतेचाच गर्व होईल, अशी कबुली त्यांनीच देऊन ठेवली आहे. सुधारणारा मी, तपासणारा मी आणि नापास होणाराही मीच, अशा या व्यवस्थेत विसाव्याला जागा नसते.

पूर ओसरल्यावर मी पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र पुन्हा वाचले. आपण प्राप्त स्थितीत संतुष्ट राहायला शिकलो आहोत, असे पौल तिथे लिहितो, आणि तेही बंदिवासातून. ‘संतुष्ट’ या अर्थी त्याने योजलेला ग्रीक शब्द स्टोइक या प्राचीन पंथाच्या तत्त्वज्ञांचा आहे. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ स्वयंपूर्ण, कुणावरही न विसंबणारा. पौल शब्द त्यांचा घेतो आणि दोनच वाक्यांनंतर आपले बळ दुसऱ्याकडून येते असे सांगतो. (हेच वाक्य हल्ली व्यायामशाळेच्या भिंतीवर दिसते, त्याच्या आधीच्या ओळीत उपासमारीचा उल्लेख आहे, तो मात्र कोणी रंगवत नाही.) मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशू विसावा देऊ करतो तेव्हाही जू काढून टाकत नाही, आपले जू घ्यायला सांगतो. उसाच्या हंगामात कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको की जुवाखाली एकटा बैल नसतो.

शास्त्राचीही अडचण आहे, आणि ती मी स्वतः ओढवून घेतली. वर्षभरात बायबलचे सगळे १,१८९ अध्याय संपवण्याचा तक्ता करून मी रोज तीन-चार अध्यायांवर खुणा करू लागलो, लेवीय या पुस्तकातल्या विधिनियमांत मागे पडलो आणि गच्चीवरचीच लाज पुन्हा वाट्याला आली. म्हणजे पुस्तक बदलले होते, हिशेबनीस तोच होता. तक्ता सोडून एकेका पत्रावर आठवडे घालवू लागलो तेव्हा कुठे फरक जाणवला. पंडिता रमाबाईंचे १९२४मध्ये प्रसिद्ध झालेले बायबलचे मराठी भाषांतर शब्दाला धरून जाते, त्यामुळे घाई आपोआप कमी होते. नवख्या वाचकाने मात्र सध्याच्या सोप्या मराठीतील आवृत्तीपासून सुरुवात केलेली बरी.

शिस्तीचाच अभाव असेल तर आधी वहीच घ्यावी, असे मी म्हणेन. शिस्त लागूनही रात्री काहीतरी उणे वाटत असेल, तर माझा कौल शास्त्राकडे आहे. फिलिप्पैकरांस पत्राचे चारही अध्याय एका बैठकीत होतात. रंकाळ्यावर मी अजूनही जातो, फोन घरी ठेवून. वडील सोबत असले की अर्ध्या फेरीतच आम्ही बाकावर बसतो.