उंदरांच्या ट्यूमरचे कर्व्ह फिट करायला 'आर'मधलं एनएलएमई: दोन वर्षं वापरल्यानंतर

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या गाइड मॅडमनी माझा ग्राफ बघितला आणि विचारलं, "अगं, कंट्रोल ग्रुपला औषधच दिलं नाहीये ना, मग यांचा ट्यूमर खाली कसा आला?" मला काही सांगताच येईना. सुरुवातीला ब्लॅक सिक्स या प्रयोगशाळेतल्या जातीचे ९ उंदीर, त्यांना बी१६ मेलॅनोमा हा त्वचेच्या कॅन्सरचा ट्यूमर, एक दिवसाआड कॅलिपरने (जाडी मोजायच्या चिमट्याने) माप. १८ व्या दिवशी ८ उरले होते, त्यांची सरासरी ११०० घन मिलिमीटर, त्यातले तीन १९०० च्या आसपास गेलेले म्हणून ते प्रोटोकॉलप्रमाणे सॅक्रिफाइस केले (म्हणजे मारावे लागले), आणि २० व्या दिवशी सरासरी आली ८००! ट्यूमर एकाचाही कमी झाला नव्हता, मोठे ट्यूमरवाले तेवढे मोजायला उरले नव्हते.

तर सरासरी काढून एक रेघ ओढायची ही सवय मोडायला मला एनएलएमई, म्हणजे 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं एक पॅकेज, लागलं आणि मी मनापासून सांगते की ज्यांच्याकडे अ‍ॅनिमल हाऊसचा डेटा आहे त्यांनी हे शिकाच. आर फुकट आहे, ऑकलंडच्या इहाका आणि जेंटलमन या दोघांनी ते सुरू केलं, आणि एनएलएमई आरसोबतच येतं, वेगळं इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही. आमच्याकडे लायसन्सवालं एक महागडं सॉफ्टवेअर आहे पण ते एकाच कॉम्प्युटरवर, त्याच्यासाठी वहीत नाव लिहून नंबर लावावा लागतो, आणि मला रात्री हॉस्टेलवर बसून काम करायचं असतं.

ते करतं काय, तर प्रत्येक उंदराचा स्वतःचा कर्व्ह काढतं आणि त्याच वेळी सगळ्या ग्रुपचा एक कर्व्हही काढतं, म्हणजे एखादा उंदीर मध्येच गेला तरी त्याची तोवरची मापं फुकट जात नाहीत. कर्व्हच्या आकारासाठी मी गॉम्पर्ट्झ मॉडेल हे वाढीचं सूत्र वापरते. बेंजामिन गॉम्पर्ट्झने १८२५ मध्ये ते माणसांच्या मृत्युदरासाठी मांडलं होतं, मग १९६४ मध्ये अ‍ॅना लेयर्ड यांनी उंदीर, घूस, सशांच्या ट्यूमरना लावून दाखवलं. आशय सोपा आहे, ट्यूमर वाढत राहतो पण त्याचा वाढीचा दर दररोज ठरावीक प्रमाणात उतरत जातो, त्यामुळे आधी तीन दिवसांत दुप्पट होणारी गाठ पुढे पुढे दुप्पट व्हायला जास्त दिवस घेते. २०१४ मध्ये बेंझेक्री आणि सहकाऱ्यांनी माइसमधल्या फुप्फुसाच्या आणि ब्रेस्टच्या ट्यूमरवर बरीच मॉडेल्स लावून पाहिली, त्यात गॉम्पर्ट्झ दोन्हीकडे चांगलं बसलं. मी तेव्हापासून तेच धरून आहे.

आता त्रास. मॉडेलमधल्या दरांच्या सुरुवातीच्या अंदाजी व्हॅल्यू तुम्हाला द्याव्या लागतात आणि त्या चुकल्या की "स्टेप हाविंग फॅक्टर रिड्यूस्ड बिलो मिनिमम" असा एरर येतो, ज्यातून नेमकं काय चुकलं ते कळत नाही. पहिले तीन आठवडे मी फक्त हा एरर बघत होते, बारावीनंतर गणित सुटलेल्या मुलीला रडायलाच येतं. सुटका अशी झाली की आधी त्याच पॅकेजमधलं एनएलएस-लिस्ट हे फंक्शन चालवून प्रत्येक उंदराचं वेगळं फिट काढायचं, तिथून आलेल्या व्हॅल्यू एनएलएमईला द्यायच्या, आकारमानाचा लॉग घ्यायचा, आणि रँडम इफेक्ट, म्हणजे उंदरा-उंदरांतले फरक, आधी पीडी-डायग या पर्यायाने साधे, एकमेकांशी न जोडता ठेवायचे. एवढं केलं आणि एका रात्रीत चाललं.

दुसरी गोष्ट, आलेल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. माझ्या पहिल्या यशस्वी फिटमध्ये ट्यूमरचा कमाल आकार ६० घन सेंटिमीटर आला, अख्खा उंदीर २२ ग्रॅमचा! आपण २००० घन मिलिमीटरच्या आतच थांबतो, थांबायलाच हवं, त्यामुळे कर्व्ह वर जाऊन कुठे सपाट होतो ते डेटात दिसतच नाही, म्हणून तो कमाल आकडा कुठे छापू नका. वाढीचा दर आणि तो उतरण्याचा दर हे दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात, एक वाढला की दुसराही वाढतो, हेही लक्षात ठेवा.

आणि कॅलिपर! लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन, हे सूत्र सगळे वापरतात पण रुंदीचा वर्ग होतो हे हातात उंदीर धरलेला असताना कुणाच्या लक्षात राहत नाही. ७ बाय ५ मिलिमीटरची गाठ ८७.५ घन मिलिमीटर भरते, तीच रुंदी तुम्ही ५.५ वाचली की झाली जवळजवळ १०६, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरने २१ टक्के फरक. कुठलंही मॉडेल हे दुरुस्त करून देत नाही, म्हणून माप एकाच माणसाने घ्यावं, शक्यतो त्याला ग्रुप माहीत नसावा. आमच्याकडे अ‍ॅनिमल हाऊसमधले दादा उंदराची मानेमागची कातडी (स्क्रफ) धरतात आणि मी मापते, दोन्ही वर्षं आम्ही दोघंच.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा त्या एरर मेसेजसाठी कापला, नव्या पोरांचा धीर त्यानेच सुटतो.

सगळ्यात आवडतं म्हणाल तर ऑगप्रेड या फंक्शनचा प्लॉट, प्रत्येक उंदराची वेगळी चौकट, त्यात त्याचे ठिपके, त्याची स्वतःची रेघ आणि ग्रुपची रेघ. आमच्या सात नंबरला १४ व्या दिवशी गाठीवर जखम झाली आणि त्याला लगेच काढावं लागलं, जुन्या ग्राफमधून मी त्याला 'अपुरा डेटा' म्हणून वगळलं होतं. आता त्याची चौकट आहे, पाचच ठिपके आहेत, आणि त्यांच्यामधून रेघ नीट जाते.