'आई कुठे काय करते!' पुन्हा बघायची तर: सोलापुरी घरासाठी परीक्षण

स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली ही मालिका नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. भाग चौदाशेहून जास्त. जाहिराती वगळून एक भाग बावीस मिनिटांचा धरला तरी पाचशे तासांच्या वर जातं. जिओहॉटस्टारवर सगळं पडलेलं आहे, पण सगळं बघायची गरज नाही. घटस्फोटापर्यंतचा भाग सलग बघावा, नायिकेचा दुसरा नवरा आशुतोष आल्यानंतरचा वेचून बघावा आणि शेवटचं वर्ष सोडून दिलं तरी काही बिघडत नाही.

गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास अरुंधतीला नवऱ्याचं, अनिरुद्धचं, संजनाशी असलेलं प्रकरण कळतं. पुढे घटस्फोट, गाणं, नवी ओळख, दुसरं लग्न. मूळ मालिका बंगाली, 'श्रीमोयी'. तिचीच हिंदीत 'अनुपमा' झाली, तेलुगूत 'इंटिंटी गृहलक्ष्मी' आणि कन्नडात 'इंती निम्म आशा'. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात आजी तेलुगूतली नायिका तुलसी बघते आणि सून मराठीतली अरुंधती. अक्कलकोटकडून आलेल्या घरात कन्नड आवृत्तीही चालते. एकाच बाईचं दुःख तीन भाषांत शेजारी शेजारी ठेवून बघायची सोय सोलापूरइतकी फार कमी शहरांत असेल, आणि हे परीक्षण लिहिण्याचं निम्मं कारण तेच आहे.

आधी अभिनय. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती सुरुवातीला हातांनी बोलते. ओट्यावरचं फडकं, डब्याची झाकणं, पदराला पुसलेले हात. नवरा काही लागट बोलला की चेहरा हलत नाही, हातातलं काम एक क्षण थांबतं आणि मग आधीपेक्षा जरा जोरात सुरू होतं. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी सात्त्विक भाव, म्हणजे मनातलं आपोआप अंगावर उमटतं त्या खुणा, आठ सांगितले आहेत: स्तंभ (जागीच थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद (आवाज बदलणं), वेपथु (कंप), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणं). मराठी मालिकांचा कारभार बहुतेक एकट्या अश्रूंवर चालतो. इथे पहिल्या टप्प्यात स्तंभ आहे, स्वरभेद आहे, हाताला सुटलेला बारीक कंपही आहे. प्रकरण कळल्यानंतरच्या भागांत आवाज बसतो, वाक्य अर्ध्यावर सुटतं, आणि तेवढ्याने काम होतं. हे टीव्हीवर दुर्मिळ आहे.

आता रडणं. पडद्यावरचं पाणी साधारण दोन वाटांनी येतं. एक ग्लिसरीन, दुसरी मेन्थॉलची कांडी. कांडी डोळ्यात घालत नाहीत, डोळ्याखालच्या कातडीवर पुसटशी फिरवतात. तिच्या वाफेने डोळे चुरचुरतात आणि आतून खरं पाणी येतं. ग्लिसरीन घट्ट असतं, त्यामुळे थेंब गालावर जाड, सावकाश आणि सरळ रेषेत उतरतो. एकदा ही खूण कळली की ती प्रत्येक मालिकेत दिसू लागते. त्याहून मोठी चूक नाकाची. डोळ्यातलं जादा पाणी अश्रुनलिकेतून नाकात उतरतं, म्हणून खरं रडणारी बाई नाक ओढते, तिचा आवाज गेंगाणा होतो, नाकाचा शेंडा लाल पडतो. मालिकेत गाल ओले आणि नाक कोरडं ठाक, आवाज सकाळच्या रियाजासारखा स्वच्छ. काजळही जागेवर. इथे प्रभुलकर बऱ्याचदा आवाज खरोखर भरू देतात, म्हणून फसवणूक कमी जाणवते. बाकीच्या पात्रांबद्दल तसं म्हणता येत नाही.

दिग्दर्शनाचा दोष वेगळा. एखादं वाक्य पडलं की दिवाणखान्यात उभ्या असलेल्या सगळ्यांचे चेहरे ओळीने दाखवायचे. आठ माणसं, प्रत्येकाला तीन सेकंद, म्हणजे चोवीस सेकंद गेले. असे पाच प्रसंग झाले की दोन मिनिटं नुसत्या चेहऱ्यांची. रोज एक भाग द्यायचा, शिफ्ट संपायच्या आत दृश्य उरकायचं, नवीन हालचाल बसवायला वेळ नाही. अशा वेळी चेहरे सगळ्यात स्वस्त पडतात. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटीच्या डोळ्यातलं पाणी दिसत नाही, त्यामुळे तिला पाठीतून, चालीतून, बसण्याच्या पद्धतीतून दुःख दाखवावं लागतं. टीव्हीवर मान ते कपाळ एवढाच मुलूख उरतो, म्हणून चांगली नटीसुद्धा तेच चार भाव फिरवत राहते.

पार्श्वसंगीतावर लोक हसतात, पण त्यामागे एक व्यवहार आहे. सोलापुरात संध्याकाळची मालिका निम्म्या घरांत कानांनी बघितली जाते. विड्या वळणारीच्या मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, नजर विडीच्या तोंडावर. टीव्ही बाजूला चालू. विडी घरकुलात किंवा कुंभारीकडच्या विडी कामगारांच्या वसाहतीत हजार विड्यांचा हिशोब पुरा करायचा तर मान वर करायला फुरसत कुठे? भाकरी थापणारीचंही तेच. मग कोण चिडलं, कोण मोडलं, हे बासरी आणि आलापाने सांगावं लागतं. 'म्हणजे तुला सगळं माहीत होतं?' हे वाक्य तीनदा येतं ते याचसाठी. आणि गंमत अशी की अरुंधतीचं सगळ्यात चांगलं काम, ते थबकलेले हात, नेमकं या बाईपर्यंत पोचत नाही. तिच्यापर्यंत पोचतात ती भाषणं.

भाषणं हाच या मालिकेचा खरा रोग. घटस्फोटानंतर अरुंधती हळूहळू घरातली प्रवचनकार होते. मुलाचं लग्न, मुलीचा हट्ट, सासूचा राग, काहीही असो, शेवटची तीन मिनिटं तिची. ती चिडते, पण फक्त न्यायाच्या बाजूने. तिला हेवा वाटत नाही, कंटाळा येत नाही, पैशाची धास्ती रात्री झोपू देत नाही असं क्वचितच दिसतं. पंचवीस वर्षं पगार नसलेली बाई घर सोडते तेव्हा पहिला प्रश्न भाड्याचा आणि अनामत रकमेचा असतो. मालिका तो उरकून घेते.

कोर्टाचंही तसंच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तरी आधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्ज दिल्यावर दुसऱ्या हजेरीपर्यंत साधारण सहा महिने थांबावं लागतं. २०१७ पासून हा दुसरा अवधी न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकतं. त्या थांबण्यात बाईच्या मनात जे चालतं, एक दिवस सुटकेचा आनंद आणि दुसऱ्या दिवशी त्या आनंदाची लाज, ते लिहायला किती भाग मिळाले असते! मिळाला तो नुसता सह्यांचा प्रसंग.

भावनांची वाटणी बघा. क्षमा, सोसणं, माया हे खातं अरुंधतीकडे. हाव, मत्सर, शरीराची ओढ, आरडाओरडा हे संजनाकडे. जी इच्छा बोलून दाखवते ती वाईट, असा हा सरळ हिशोब. रूपाली भोसले यांनी मात्र संजनाला त्या खात्यातून बाहेर ओढलं. अनिरुद्धशी लग्न झाल्यावर तिच्याही वाट्याला तेच दुर्लक्ष येतं, आणि एकेकाळी टोमणे मारणारी बाई जेवणाच्या टेबलावर गप्प बसते. ते गप्प बसणं अरुंधतीच्या भाषणांपेक्षा जास्त खरं आहे. अर्चना पाटकरांची कांचन हे तिसरं चांगलं काम: मुलाचं चुकलंय हे आत कळतं, तोंडाने मान्य करवत नाही, म्हणून सगळा राग सुनेवर. अशा सासवा नवी पेठेतल्या साडीच्या दुकानात रोज भेटतात.

तेलुगूशी तुलना करायची तर कस्तुरी यांची तुलसी जास्त उघड आहे. संगीत चढं, चेहऱ्यावर झूम वारंवार, भांडण समोरासमोर. संयम कमी, पण राग पोटात न ठेवता लगेच बाहेर येतो, आणि कामात हात गुंतलेल्या प्रेक्षकाला ती आवृत्ती सोपी जाते. तेलुगू समजत असेल तर प्रकरण उघडकीला येण्याचा प्रसंग दोन्हींत लागोपाठ बघावा. हिंदी 'अनुपमा' याहून सजवलेली. रुपाली गांगुली ताकदीच्या आहेत, पण तिथे दुःखसुद्धा इस्त्री करून येतं.

आशुतोषबरोबरच्या भागांचं एक श्रेय द्यायलाच हवं. पन्नाशीकडे आलेल्या बाईला पुन्हा कुणी आवडू शकतं, आणि ते कळल्यावर ती लाजते, घाबरते, मुलांपासून लपवते, हे मराठी टीव्हीने सावकाश दाखवलं. ओंकार गोवर्धन शांत आहेत, त्यामुळे समोरच्या नटीला जागा मिळते. लग्न लागल्यावर मात्र लेखकांना पुढे काय करायचं सुचलेलं दिसत नाही. शेवटी आशुतोषला अपघातात मारून अरुंधतीला परत रडायला बसवलं, तो निर्णय आळशी होता.

बघायची रीत अशी. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला कालचं दाखवतात आणि शेवटी उद्याचं, ते दोन्ही पुढे ढकला. चेहऱ्यांची रांग सुरू झाली की दहा सेकंद पुढे जाण्याचं बटण दोनदा. सलग बघत असाल तर सणांचे भाग गाळा. मंगळागौर, संक्रांत, दिवाळी यांत साड्या बदलतात, गोष्ट हलत नाही. अभिनय बघायचा असेल तर एखादा प्रसंग आवाज बंद करून बघा. बाई काय सोसते आहे ते तरीही कळलं तर ते काम नटीचं, नाही कळलं तर बासरीवाल्याचं. आणि हातात काम असेल तर उलट करा: मधली भाषणं चालू ठेवा, पण घटस्फोटाआधीचे भाग रात्री सूप बाजूला सारल्यावरच लावा.

पहिल्या टप्प्याला पाचपैकी चार, मधल्याला अडीच, शेवटच्याला एक.