राखेच्या गावात राहावं की अणुभट्टीच्या शेजारी?

भाच्याला एकाच महिन्यात दोन नोकऱ्या चालून आल्या. एक विदर्भातल्या कोळशाच्या वीज केंद्रावर, दुसरी तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कामावर. पगार जवळपास सारखाच. बहिणीचा फोन आला, "दादा, तू दोन्हीकडे संसार केलास, तूच सांग काय ते." फोनवर सगळं सांगता आलं नाही. बायको-मुलं घेऊन अशा ठिकाणी राहायला जावं का, हा प्रश्न इतरांपुढेही असेल, म्हणून जरा बैजवार लिहितो.

मी विद्युत देखभालीच्या कंत्राटी कामावर सुपरवायझर होतो. नऊ वर्षं विदर्भातल्या एका मोठ्या औष्णिक केंद्राजवळ काढली, २००८ मध्ये तारापूरच्या कामावर, केंद्राजवळच्या बोईसरला आलो आणि इथलाच झालो. दोन्हीकडच्या कामावर घर चाललं, दोन्हीकडे चांगली माणसं भेटली.

कोळशाची जमेची बाजू आधी. तिथला धोका डोळ्यांना दिसतो. आग, गरम वाफ, चालत्या पट्ट्यात हात जाणं, उंचावरून पडणं, सगळं ओळखीचं. केंद्रात कितीही मोठा अपघात झाला तरी आजूबाजूची गावं पिढ्यान्‌पिढ्यांसाठी रिकामी करावी लागत नाहीत. ही गोष्ट लहान नाही. शिवाय विदर्भातल्या पोराला घर जवळ, सणावाराला बस पकडली की झालं.

पण राख. आपल्या देशी कोळशात ३५ ते ४५ टक्के राखच असते. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला साधारण आठ हजार टन कोळसा जळतो, म्हणजे एकट्या संचाची रोजची तीन हजार टन राख. चिमणीतून येणारी राख फार वाटू नये, कारण ईएसपी, म्हणजे विजेच्या भाराने राख ओढून धरणारी यंत्रणा, नीट चालली तर धुरातली ९९ टक्क्यांहून जास्त राख आधीच अडते. खरा त्रास अडवलेल्या राखेचा. ती पाण्यात कालवून राखेच्या तळ्यात सोडतात. उन्हाळ्यात तळ्याच्या कडा सुकतात, आणि दुपारी वावटळ उठली की सगळी राख गावावर.

आमच्या घरी दर एप्रिलमध्ये वाळवणं व्हायची. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्याने कुरडया घालायच्या. पहिल्या वर्षी बायकोने गच्चीभर कुरडया घातल्या. संध्याकाळी बघतो तर पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर करडा थर. झटकला, पुसला, तरी तळल्यावर दाताखाली कचकच. पुढच्या वर्षी तिने वरून जुनं धोतर बांधलं. राख इतकी बारीक की धोतरातूनही उतरली. तिसऱ्या वर्षी सांडगे, पापड, कुरडया सगळं खोलीत पंख्याखाली वाळवलं. निम्म्याला बुरशी आली. चौथ्या वर्षी तिने सोऱ्या धुऊन, पुसून माळ्यावर टाकला. काही बोलली नाही. तो सोऱ्या तिच्या आईचा होता. गच्ची आहे, ऊन आहे, धान्य आहे, आणि घरची बाई वाळवण घालू शकत नाही, हे मला तिथल्या उकाड्यापेक्षा जास्त लागलं. कुरडईवर बसते ती छातीतही जात असणार, हे माझ्या डोक्यात त्यानंतर आलं. धाकट्याचा खोकला मार्चपासून पावसापर्यंत हटायचा नाही. राखेमुळेच होता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. बोईसरला आल्यावर तो थांबला, एवढं खरं.

तारापूरची माहिती तुम्हाला असेलच. १९६९ चे पहिले दोन संच, आणि २००५-०६ मध्ये सुरू झालेले ५४० मेगावॉटचे दोन. अशा एका ५४० मेगावॉटच्या संचाला दिवसाला पाव टनाच्या आसपास युरेनियम लागतं. तिकडे आठ हजार टन, इकडे पाव टन. पण तिकडची राख विटा-सिमेंटमध्ये तरी जाते. इथला जहाल किरणोत्सारी कचरा काचेत गोठवून सांभाळावा लागतो, आणि तो कायमचा पुरायची जागा देशात अजून नाही. त्यात उरलेलं प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायलाच २४ हजार वर्षं लागतात. याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

कामावरचा एक फरक मात्र मला फार मोलाचा वाटतो. इथे किरणोत्सारी भागात जाताना छातीवर टीएलडी, म्हणजे किरणोत्साराची मात्रा टिपणारा, बॅज लावावा लागतो. शरीराला किती मात्रा लागली ते नोंदलं जातं, आणि मर्यादा ठरलेली आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. कंत्राटी माणसाला तर त्याहूनही कमी. माझ्या नावापुढे आकडे लिहिलेले असायचे. नऊ वर्षांत माझ्या फुफ्फुसात किती राख गेली, हे कोणत्याही वहीत नाही.

भीती वाटली नाही असं नाही. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुकेंद्रात अपघात झाला तेव्हा सासूबाईंचे दिवसाला तीन-तीन फोन, "पोरांना घेऊन निघून या." त्यांना काय सांगणार? भट्ट्या भूकंपानंतर आपोआप बंद झाल्या होत्या. पण बंद भट्टीतलं इंधनही तापतच राहतं, आणि त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडाल्यावर पाणी फिरवायला वीज उरली नाही. तारापूरचे जुने दोन संच त्याच घराण्यातले, उकळत्या पाण्याच्या भट्टीचे. त्या आठवड्यात मी नीट झोपलो नाही. पुढे नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे छोटे धक्के सुरू झाले, तेव्हाही भांडी वाजली की पहिली नजर पश्चिमेकडे जायची. १९९३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात आग लागून सगळी वीज गेली होती, तरी तिथल्या माणसांनी भट्टी सांभाळली आणि किरणोत्सार बाहेर आला नाही, याचा मला आधार वाटतो. तुम्हाला तो पुरेसा वाटेलच असं नाही.

आणि अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांपुढे मी वाळवणाची गोष्ट सांगायला उभा राहणार नाही. नव्या दोन संचांसाठी त्यांची गावं उठली, समुद्रालगतचं घर सोडून पुनर्वसनाच्या वसाहतीत जावं लागलं. त्यांच्या हिशेबात तारापूरची किंमत वेगळी आहे. कोकणातल्या माडबनच्या माणसाने जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पाला नको म्हटलं तर मला त्याचा राग येत नाही.

कोळसा सगळीकडे सारखा नसतो, हेही मान्य. इथून जवळच डहाणूच्या औष्णिक केंद्राला चिकूच्या बागा आणि पर्यावरणासाठी झालेल्या लढ्यामुळे धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली. विदर्भातही राखेची तळी वर्षभर ओली ठेवली, तर माझं मत कदाचित बदलेल. आणि बोईसरची हवा म्हणजे महाबळेश्वर नव्हे. औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांचा वास काही रात्री खिडक्या लावायला भाग पाडतो. त्याचा अणुभट्टीशी संबंध नाही, पण राहायला येणाऱ्याला तो वेगळा काढून ठेवता येत नाही.

एक धोका असा की बहुधा कधीच येणार नाही, पण आला तर घरदार सोडावं लागेल. दुसरा रोज सकाळी खिडकीच्या चौकटीवर बसलेला. पोरं लहान असताना मी पहिला पत्करला, आणि आज पुन्हा ठरवायचं झालं तर बहुतेक तेच करीन.

भाच्याला सांगितलंय, विदर्भातली जागा श्रावणात बघू नकोस, पावसाने सगळं धुतलेलं असतं. एप्रिलच्या अखेरीस जा, दुपारी वारा सुटला की कुणाच्या तरी गच्चीवर बोट फिरव. इथे आलास की १६ किलोमीटरच्या आपत्कालीन क्षेत्राबद्दल विचार. गावं रिकामी करायच्या सरावात कोणती वाट ठरली आहे, हे शेजाऱ्यांना ठाऊक आहे का तेही बघ. मामीने यंदाही गच्चीवर कुरडया घातल्या. समुद्राच्या दमट हवेत त्यांना वाळायला तिकडच्यापेक्षा दोन दिवस जास्त लागले. तू येशील तेव्हा तळायला वेगळा डबा काढून ठेवलाय.