डेडवुड: द मूव्ही – उशिरा का होईना, शेवट मिळाला

एचबीओने 2006 मध्ये तीन सीझननंतर 'डेडवुड' ही वेस्टर्न मालिका गुंडाळली आणि गोष्ट अधांतरी राहिली. 2019 चा हा चित्रपट ती पुरी करतो. साल 1889. साउथ डकोटा अमेरिकेचं राज्य होतंय आणि सिनेटर झालेला खाणसम्राट हर्स्ट टेलिफोनच्या खांबांसाठी गावकरी चार्ली अटरच्या जमिनीवर डोळा ठेवून डेडवुड गावात परत आलाय. दिवस भरत आलेली ट्रिक्सी, पूर्वीची वेश्या, बाल्कनीतून रस्त्यावरच्या सगळ्यांदेखत हर्स्टला शिव्यांची लाखोली वाहते. अंगावर काटाच आला! इयन मॅकशेनने साकारलेला सलूनमालक अल थकलाय, लिव्हर गेलंय, पण नजर तीच. फ्लॅशबॅक मात्र जास्त झाले. जेन आणि जोनी या मालिकेतल्या जुन्या पात्रांच्या वाट्याला फार थोडं आलं, याची हळहळ वाटते. आधी तिन्ही सीझन बघा, मगच हा लावा.